कोणते झाड राखावे?

मननासाठी शास्त्रभाग : लूक १३:६-९, मत्तय १३:२४-३०, इब्री १२:१-२

ज्यांचे बालपण शेतावर गेले त्या वाचकांना विरळणी हा शब्द नवा नाही. ज्वारी-बाजरी दाट उगवली म्हणजे दोन-तीन आठवड्यांनी घरची माणसे ओळीत बसून मधली मधली रोपे उपटतात. उपटलेली रोपे रोगट असतात असे मुळीच नाही. पुष्कळदा ती शेजारच्या रोपाइतकीच हिरवीगार असतात. तरीही ती काढावी लागतात, नाहीतर सगळीच ताटे बारीक राहतात आणि कणसात दाणा भरत नाही.

हेच काम रानातही करावे लागते. फरक एवढाच की, शेतातली चूक पुढच्या हंगामात भरून काढता येते. नव्या रोपवनात भलत्या झाडावर कुऱ्हाड पडली तर ती चूक पन्नास-साठ वर्षे उभी राहते. म्हणून वनखात्याने ह्या कामाचे शास्त्र केले आहे आणि त्याला नियम घालून दिले आहेत. ते नियम पाहत असता आम्हांस असे दिसून आले की, आपल्या घरात, मंडळीच्या कारभारात आणि शब्बाथ शाळेत जी निवड आपणांस वारंवार करावी लागते तिच्याशी त्यांचे जवळचे नाते आहे. काही ठिकाणी ते आपणांस वाट दाखवतात. एका ठिकाणी मात्र ते आपला हात धरून आपणांस थांबवतात. ह्या दोन्ही गोष्टींचा विचार आपण येथे करू.

सागाच्या रोपवनात

बेळगावकडील आपल्या वाचकांनी खानापूर, हल्याळ, दांडेली ह्या बाजूची सागाची राने पाहिली असतील. इंदूर-ग्वाल्हेरकडील वाचकांना बैतूलचा साग ठाऊक असेल. आपल्या देशात साग लावून वाढवण्याचे पहिले मोठे काम मलबारातील निलंबूर येथे १८४० च्या दशकात झाले. जिल्ह्याचे कलेक्टर कॉनोली ह्यांनी ते हाती घेतले आणि त्यांच्या हाताखालच्या चात्तू मेनन ह्यांनी ते तडीस नेले. आरंभी बी रुजेना, प्रयोग फसले. तरी त्यांनी नेट सोडला नाही. कॉनोली १८५५ साली मारले गेले. त्यांची झाडे तेव्हा अगदी कोवळी होती. त्या लागवडीतली काही झाडे आजही तेथे उभी आहेत. जो साग लावतो तो पुढच्या पिढीसाठी लावतो, हे ह्यावरून ध्यानात येईल.

आता हिशोब पाहा. दोन-दोन मीटरवर रोपे लावली तर एका हेक्टरात २,५०० रोपे बसतात. पाचव्या वर्षाच्या सुमारास पहिली विरळणी होते व सुमारे १,२५० झाडे उरतात. दहाव्या वर्षाच्या सुमारास दुसरी होते व ६२५ च्या आसपास उरतात. पुढे काही वर्षांच्या अंतराने आणखी विरळण्या होतात आणि झाड पूर्ण वाढीला येते तेव्हा हेक्टरी शंभर-दीडशे झाडे राहतात. जमीन व पाऊस ह्यांप्रमाणे ही वर्षे पुढेमागे होतात, परंतु रीत हीच.

कोणी विचारील, मग आरंभी इतकी दाट लागवड का करावी? कारण लहानपणी झाडांना एकमेकांचा आधार लागतो. दाटीत ती सरळ वर जातात, खालच्या फांद्या आपोआप गळतात, जमिनीवर गवत माजत नाही. एकटे उभे असलेले कोवळे झाड आडवे पसरते. पण जी दाटी पाचव्या वर्षापर्यंत आईसारखी सांभाळते तीच दहाव्या वर्षी गळा दाबू लागते. साग हे उन्हाचे झाड आहे. त्याच्या शेंड्याला चोहोकडून मोकळीक हवी. ती न मिळाली म्हणजे झाड उंच पण काठीसारखे बारीक राहते, शेंडा लहान होतो, आणि फार उशीर झाला तर पुढे जागा करून दिली तरी तो शेंडा पुन्हा नीट पसरत नाही.

निवड कशी करतात

पहिल्या एक-दोन विरळण्यांत बहुधा निवड नसतेच. एक तिरकी ओळ ठेवायची, पुढची काढायची, असे सरळ चालते. ह्याचे कारण विचार करण्यासारखे आहे. पाच वर्षांची झाडे अजून सारखीच असतात. कोणते पुढे जाईल आणि कोणते मागे राहील हे त्या वयात पाहून सांगता येत नाही, हे जाणत्यांनी मान्य केले आहे. खरी निवड त्यानंतर सुरू होते. तेव्हा झाडांत पुढे गेलेली, मागे पडलेली, दबलेली, रोगट व मेलेली असे वर्ग दिसू लागतात. त्या वेळी जो अधिकारी झाडांवर खुणा करीत फिरतो त्याला काही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट, त्याने मान वर करून पाहिले पाहिजे. खोड डोळ्यांसमोर असते म्हणून नवखा मनुष्य खोडच पाहतो. पण झाडाची खरी स्थिती शेंड्यावर कळते. ऊन कोणाला मिळते, कोणाचे कोणी अडवले आहे, हे वर पाहिल्याशिवाय समजत नाही.

दुसरी गोष्ट, काय काढावे हे त्याने आधी ठरवायचे नाही. काय राखावे हे ठरवायचे. हा ह्या कामाचा मुख्य नियम आहे. सरळ, निरोगी, भरल्या शेंड्याचे झाड आधी निवडायचे, आणि मग त्याच्या वाढीच्या आड कोण येते ते पाहायचे. जे आड येते त्यावर खूण. ते पुष्कळदा स्वतः निरोगी असते! दोन चांगली झाडे एकमेकांना खेटून उभी असली तर दोन्ही ठेवण्याचा मोह होतो. पण दोन्ही ठेवली तर दोन्ही बिघडतात.

तिसरी गोष्ट, मोठेपणाला भुलू नये. काही झाडे इतरांआधी उंच होतात, चारी बाजूंस आडव्या फांद्या टाकतात आणि भोवतालच्या दहा झाडांचे ऊन खातात. त्यांचे खोड वाकडे, गाठाळ असते; लाकूड फारसे कामाचे नसते. वनशास्त्राच्या पुस्तकांत अशा झाडाला 'लांडगा' म्हणतात. लांबून पाहणाऱ्याला तेच रानातले सर्वांत जोमदार झाड वाटते.

चौथी गोष्ट, खालचे बारके झाड दिसले की काढलेच पाहिजे असे नाही. विरळणीची एक पद्धत आहे. ती फ्रान्समध्ये रूढ झाली म्हणून फ्रेंच पद्धत म्हणून ओळखली जाते. तीत वरच्या झाडांपैकी आड येणारी काढतात आणि खालची दबलेली लहान झाडे मुद्दाम ठेवतात. ती कोणाचे ऊन अडवीत नाहीत. उलट ती जमीन झाकतात, ओल धरून ठेवतात आणि मोठ्या झाडांच्या खोडावर फुटवे येऊ देत नाहीत. सावली सोसणाऱ्या जातींच्या रानात ही पद्धत विशेष चालते. सागाला ती तितकीशी लागू पडत नाही, तरी तिच्यातला धडा सगळ्यांना लागू आहे.

पाचवी गोष्ट, एकदम फार काढू नये. दाटीत वाढलेले झाड अचानक उघडे पडले तर वाऱ्याने वाकते, मोडते. सागाच्या खोडावर बाजूने फुटवे येतात व लाकडात गाठी पडतात. मोकळ्या जागेत गवत माजते, पावसाने माती जाते. म्हणून नियम असा की, वेळेवर काढावे आणि थोडे थोडे काढावे.

शेवटची गोष्ट खुणेची. मोठ्या झाडांच्या विरळणीत खात्याच्या हातोड्याची खूण दोन ठिकाणी करतात : एक छातीच्या उंचीवर आणि एक अगदी बुडाशी. वरची खूण लाकडाबरोबर निघून जाते. बुडाची खूण खोडव्यावर राहते. वरिष्ठ अधिकारी तपासणीला येतो तेव्हा प्रत्येक खोडवा त्याला सांगतो की, हे झाड हुकमाने पडले की कोणाच्या मर्जीने. खूण न करता पाडलेले झाड लपवता येत नाही.

येथे दाखला आपणांस थांबवतो

हे वाचून काही वाचकांच्या मनात एक विचार आला असेल. वार्षिक सभा जवळ आली म्हणजे पंच कमिटी सभासदांची यादी उघडून बसते. अमुक दोन वर्षांत उपासनेला आला नाही. अमुकची वर्गणी थकली आहे. अमुक बाईंचे पंचांशी बिनसले तेव्हापासून त्या दुसऱ्या मंडळीत जातात. कोणीतरी म्हणते, ह्या नावांची एकदा विरळणी करून टाकू. यादी आटोपशीर होईल, कामाची माणसे तेवढी राहतील.

बंधुभगिनींनो, येथे आपण थांबले पाहिजे. शास्त्रात कुऱ्हाडीचे दाखले आहेत, परंतु ती कुऱ्हाड कोणाच्या हाती आहे हे नीट पाहावे. निदणाच्या दाखल्यात दास धन्याला विचारतात की, आम्ही जाऊन निदण उपटून काढू काय? धनी नाही म्हणतो. निदण चांगले आहे असे तो म्हणत नाही. तुम्हांला ओळखता येणार नाही, निदणाबरोबर गहूही उपटाल, अशी त्याला भीती आहे. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, असे तो सांगतो. आणि कापणीचे काम तो देवदूतांकडे देतो, दासांकडे नाही.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने झाडाच्या मुळाशी ठेवलेल्या कुऱ्हाडीचा इशारा दिला (मत्तय ३:१०), हे खरे. पण प्रभू येशूने जेव्हा निष्फळ झाडाची गोष्ट सांगितली तेव्हा तीत एक माळी आणला. मालक तीन वर्षे येऊन अंजिरावर फळ शोधतो, निराश होतो, ते तोडून टाक म्हणतो. मालकाचे म्हणणे विरळणीच्या शास्त्राप्रमाणे बिनचूक आहे : हे झाड उगाच जागा अडवते. तरी माळी आणखी एक वर्ष मागून घेतो आणि नुसते वर्ष मागत नाही. मी त्याच्याभोवती खणीन, खत घालीन, असे तो म्हणतो. आपल्या पंच कमिटीने यादी उघडताना हा प्रश्न विचारावा : ज्या नावावर आपण खूण करीत आहोत त्याच्या मुळाशी आपल्यापैकी कोणी कुदळ घेऊन गेला होता काय? जो तरुण नोकरीसाठी पुण्याला गेला त्याला कोणी पत्र लिहिले काय? ज्या आजीबाईंना मंदिराच्या पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्या घरी प्रभुभोजन कोणी नेले काय? जो रागावून गेला त्याच्या दारी कोणी उभा राहिला काय? हे झाले नसेल तर ती खूण हुकमाची नव्हे, मर्जीची आहे. आणि बुडाची खूण तपासणारा एक दिवस येणार आहे.

मंडळीत शिस्तच नको असे आम्ही म्हणत नाही. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने शिस्तीच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : आधी एकट्याने जाऊन बोलावे, मग दोघा-तिघांना नेावे, मग मंडळीला सांगावे. पण त्या सगळ्या पायऱ्या भावाला मिळवण्यासाठी आहेत. यादी आटोपशीर करण्यासाठी त्यांतली एकही नाही.

गिदोनाची गोष्ट कोणी पुढे करील. बत्तीस हजारांतून बावीस हजार घरी गेले, दहा हजारांतून तीनशे राहिले (शास्ते ७). परंतु ती निवड गिदोनाने केली नाही. ती देवाने केली, आणि ती इस्राएलाने आपल्या बळाची बढाई मारू नये म्हणून केली. शिवाय पुढे पाहा. शत्रू पळू लागला तेव्हा ज्या वंशांतून आरंभी माणसे आली होती त्यांतल्याच नफताली, आशेर व मनश्शे ह्यांच्या लोकांना पाठलागासाठी पुन्हा बोलावणे गेले. घरी पाठवलेला मनुष्य देवाच्या कामातून काढून टाकलेला नसतो.

मग विरळणी कशाची?

विरळणी कामांची करावी, सवयींची करावी, आपल्या वेळेची व ओझ्यांची करावी. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक धावणाऱ्याला दोन गोष्टी टाकायला सांगतो : पाप आणि भार. त्याने ह्या दोहोंची नावे वेगळी ठेवली आहेत. सगळा भार पाप नसतो. अंगरखा घालणे हे पाप नाही. पण शर्यतीत तो पायांत येतो. पाप टाकावे हे आपण सगळे जाणतो. चांगली गोष्ट टाकावी लागते हे आपणांस जड जाते.

आपल्या जुन्या मंडळ्यांकडे पाहा. आजोबा-पणजोबांच्या काळी माणसे पुष्कळ होती, तेव्हा कामेही दाट लावली गेली. तरुण संघ, महिला संघ, बुधवारची प्रार्थना, घरोघरच्या सभा, भजन मंडळ, कापणीचा सण, नाताळाचे नाटक, वनभोजन, वर्धापनदिन. त्या वेळी त्या दाटीचा आधार होता. आता कित्येक ठिकाणी तीच आठ-दहा माणसे ही सगळी कामे ओढतात. कोणतेही काम वाईट नाही, म्हणून कोणतेच बंद होत नाही, आणि सगळीच काठीसारखी बारीक होत चालली आहेत. वर्षातून चार कार्यक्रम उभे करता करता पाळकांना आजाऱ्यांच्या भेटीला सवड राहत नाही.

यरुशलेमातल्या मंडळीवरही हा प्रसंग आला होता. विधवांना रोजचे अन्न वाढणे हे चांगलेच काम होते. तरी प्रार्थना व वचनाची सेवा सोडून आपण ते करावे हे बारा प्रेषितांना योग्य वाटले नाही (प्रेषितांची कृत्ये ६). त्यांनी ते काम मोडले नाही. आपल्या हातून काढून सात जणांच्या हाती दिले. त्यांनी आधी काय राखायचे ते ठरवले, बाकीचे त्यावरून ठरले. मार्थेच्या घरीही प्रभूने स्वयंपाकाला नावे ठेवली नाहीत. पुष्कळ गोष्टींची दगदग एका गोष्टीच्या आड येत होती, एवढेच तो बोलला.

तेव्हा कमिटीत बसल्यावर कोणते काम निरुपयोगी आहे, असा प्रश्न विचारू नये. त्या प्रश्नाने प्रत्येक जण आपापल्या कामाची बाजू घेऊन उभा राहतो आणि भांडण होते. देवाने आपल्या मंडळीला ह्या गावात कोणते काम राखायला दिले आहे, असे विचारावे. मग त्या कामाचे ऊन कोण अडवते ते शांतपणे पाहता येते.

ह्याच कसोटीने एका नाजूक विषयाकडेही पाहावे. हैदराबाद, वडोदरे, इंदूर अशा ठिकाणी घरातली मुले मराठी बोलतात पण वाचत नाहीत. हिंदी किंवा इंग्रजी उपासनेला गर्दी असते आणि मराठी उपासनेला वीस-तीस वृद्ध माणसे. हे लहान झाड काढून टाकावे, असे कोणी सुचवतो. आम्ही एवढेच विचारतो की, सकाळची ती तासाभराची उपासना कोणाचे ऊन अडवते? जर ती कोणाचेच अडवत नसेल, आणि तिच्या सावलीत जुन्या प्रार्थनांची ओल टिकून राहत असेल, तर ती खालच्या थरातले राखून ठेवण्याजोगे झाड आहे. पौलानेही शरीरातल्या अशक्त दिसणाऱ्या अवयवांबद्दल असेच सांगितले, की त्यांच्यावाचून चालत नाही (१ करिंथ १२:२२). उलट, केवळ मानापमानासाठी ती चालवली जात असेल आणि मुलांना वचन समजण्याच्या ती आड येत असेल, तर प्रामाणिकपणे वर पाहावे लागेल.

कमिटीच्या आधी प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या शेंड्याकडे पाहावे हे उत्तम. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाच्या एका मनुष्याचा उल्लेख आहे. त्याला मंडळीत पहिले स्थान हवे होते. दुसऱ्यांना तो येऊ देत नसे. तीस वर्षे एकच हुद्दा सांभाळणारा मनुष्य कष्टाळू असू शकतो, आणि तरीही त्याच्याखाली एकही तरुण वाढलेला नसतो. माझ्या फांदीखाली कोण दबले आहे, हा प्रश्न दुसऱ्याला विचारण्याचा नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस

आपल्या हाती नवे रोपवन आहे, म्हणून आपणांशी दोन शब्द वेगळे बोलतो.

आपण कोणत्याही मुलाला वर्गातून काढून टाकत नाही. पण ऊन अडवणे ही कुऱ्हाडीवाचूनची विरळणी आहे. वर्गात चार मुले अशी असतात की, प्रश्न पुरा होण्याआधी त्यांचे हात वर असतात. सोनेरी वचन त्यांनाच म्हणायला सांगितले जाते, नाताळात त्यांनाच देवदूताचे काम मिळते, बक्षिसे त्यांनाच. मागच्या बाकावरचा मुलगा दर रविवारी येतो, तीन वर्षे येतो, आणि त्याच्यावर शिक्षकांची नजर एकदाही नीट पडत नाही. चौथ्या वर्षी तो येईनासा होतो. त्याचे नाव कोणी कापले नाही; तरी ते गेले.

पाच वर्षांच्या झाडाविषयी वनखाते निवाडा देत नाही, हे आपण वर पाहिले. मग सात वर्षांच्या मुलाविषयी आपण का द्यावा? शमुवेल इशायाच्या घरी गेला तेव्हा त्याने उंच, देखणा अलियाब पाहिला आणि हाच तो असे त्याला वाटले. देवाने सांगितले की, तू रूप पाहतोस, मी हृदय पाहतो. ज्याला जेवायलाही बोलावले नव्हते तो मेंढरांकडे होता (१ शमुवेल १६).

येत्या महिन्यात एक करून पाहा. हजेरीपुस्तक घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे लिहा : ह्या मुलाशी मी मागे केव्हा बोललो? ज्या नावापुढे काही लिहिता येणार नाही त्या नावांसाठी प्रार्थना करा, आणि पुढच्या रविवारी त्यांतल्या एकाला सोपा प्रश्न विचारा. पुढच्या चार मुलांना खाली बसवण्याची गरज नाही. त्यांना मागच्यांना वचन शिकवायला द्या. त्यांचीही वाढ त्याने सरळ होईल.

पाठही विरळ असावेत. एका तासात सहा गोष्टी सांगितल्या तर मूल घरी एकही नेत नाही. एक गोष्ट राखा आणि तिला मोकळीक द्या.

ओले झाड

विरळणी झालेल्या रानात काही महिन्यांनी जाणाऱ्याला एक गोष्ट दिसते. सागाच्या खोडव्याला फुटवा येतो. बुंधा कापलेला, वर बुडाची खूण, आणि बाजूने मोठी मोठी पाने घेऊन कोंब वर आलेला. इयोबाला हे ठाऊक होते; झाड तोडले तरी पाण्याच्या वासाने ते पुन्हा फुटेल अशी आशा त्याने बोलून दाखवली आणि मनुष्याला अशी आशा आहे काय म्हणून तो रडला (इयोब १४). यशयाने इशायाच्या कापलेल्या बुंध्यातून कोंब निघताना पाहिला (यशया ११:१). जे काम आपण आज प्रार्थनापूर्वक बंद करतो ते देवाच्या मनात असेल तर त्याच बुंध्यातून पुन्हा उगवेल. म्हणून कापताना भिऊ नये, आणि कापल्यावर खोडवा जाळू नये.

पण शुभवर्तमान ह्याहून पुढे जाते. रानात खूण करणारा उत्तम झाड राखतो आणि त्याच्यासाठी बाकीची पाडतो. हा रानाचा न्याय आहे आणि रानासाठी तो योग्य आहे. क्रूसाकडे जाताना प्रभू येशूने स्वतःला ओले झाड म्हटले आणि यरुशलेमेला वाळलेले (लूक २३:३१). त्या दिवशी खूण ओल्या झाडावर पडली. जे एकच सरळ होते, निर्दोष होते, फळांनी भरलेले होते, ते पाडले गेले. आणि वाकडी, गाठाळ, दुसऱ्यांचे ऊन खाणारी, तीन वर्षे निष्फळ राहिलेली झाडे उभी ठेवली गेली. आपण आज उभे आहोत ते आपला शेंडा पाहून निवडले गेलो म्हणून नाही. आपल्या जागी दुसरा पडला म्हणून आपणांवर ऊन आले.

हे ज्याने ओळखले त्याच्या हाती सभासदांची यादी असो की हजेरीपुस्तक, त्याचा हात जड पडणार नाही. आपली कामे तो निर्भयपणे कमी करील, कारण त्याचे तारण कामांच्या संख्येवर नाही. आणि माणसाचे नाव कापायची वेळ आली तर तो आधी कुदळ उचलील.

प्रार्थना : हे प्रभो, तू लावलेल्या रोपांमध्ये तू आम्हांला कामाला ठेवले आहेस. काय राखावे हे ओळखण्यासाठी आम्हांला वर पाहायला शिकव. जे चांगले असूनही उत्तमाच्या आड येते ते सोडण्याचे धैर्य दे. जे आमच्या सावलीत दबले आहेत त्यांच्यासाठी आम्हांला बाजूला सरायला लाव. आणि ज्याला आम्ही निष्फळ समजतो त्याच्याभोवती खणण्यासाठी आणखी एक वर्ष, आणि खणण्याची शक्तीही, आम्हांला दे. जो ओले झाड होऊन आमच्यासाठी पडला व पुन्हा उठला त्या येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.